आधी दांडा, मग कापड

वाचकांचे प्रश्न : खिडक्या आणि पडदे

या वेळी पत्रांचा गठ्ठा जाड आहे. बहुतेकांनी आवडलेल्या कापडाचे फोटो जोडलेत, खिडकीची मापं मात्र क्वचित कुणी कळवलीत. मी पडदे शिवते, कापड विकत नाही. त्यामुळे माझी उत्तरं टेपपासूनच सुरू होणार.

प्रश्न : ताई, बैठकीच्या खोलीला नुकताच रंग दिला. खिडकी १८० सेंटिमीटर रुंद आहे. चौकटीला लागूनच रॉड होता आणि त्यावर कट्ट्यापर्यंत येणारे तयार पडदे होते. नव्या रंगापुढे ते अगदी केविलवाणे दिसायला लागलेत. आता मापाने शिवून घ्यायचं ठरवलंय. मोठ्या फुलांचं एक कापड मनात भरलंय. दुकानदार म्हणतो आठ मीटर पुरेल. घेऊन टाकू का?
— फुलांच्या प्रेमात

उत्तर : अजून घेऊ नका. दांडा कुठे बसणार हे ठरल्याशिवाय कापड किती लागेल हे कुणालाच सांगता येत नाही, दुकानदारालाही नाही.

जुने पडदे केविलवाणे दिसतात त्यात कापडाचा दोष कमी, दांड्याचा जास्त. दांडा चौकटीएवढाच असला की पडदे उघडल्यावर त्यांचा गठ्ठा काचेवरच बसतो. उजेड अडतो आणि खिडकी आहे त्याहून अरुंद वाटते. नवा दांडा चौकटीच्या वर निदान १५ सेंटिमीटर घ्या. चौकट आणि छत यांच्यात जागाच थोडी असेल तर सरळ छताजवळ न्या. दोन्ही बाजूंना २५-२५ सेंटिमीटर बाहेर काढा, म्हणजे उघडलेला पडदा भिंतीवर जाऊन बसेल. तुमचा दांडा झाला २३० सेंटिमीटरचा. एवढ्या लांबीला मधे एक ब्रॅकेट हवाच, नाहीतर अस्तराच्या पडद्यांच्या वजनाने तो मधोमध झुकतो आणि मग कितीही सरळ शिवलं तरी तळ वाकडा दिसतो.

आता घेर. तयार पडदे स्वस्त पडतात त्याचं एक मोठं कारण म्हणजे घेरात वाचवलेलं कापड. दांड्याच्या दीडपट कापड असलं तर पडदा लावल्यावर चादर वाळत घातल्यासारखा दिसतो. चुण्यांच्या पडद्याला दोन ते अडीच पट घेर लागतो. मी बहुतेक वेळा सव्वादोन पट धरते. २३० चे सव्वादोन पट म्हणजे साधारण ५२० सेंटिमीटर. पडद्याच्या कापडाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, बहुधा १३७ ते १४० सेंटिमीटर असतो. म्हणजे पूर्ण रुंदीचे ४ तुकडे लागतील, त्यांनाही पन्हेच म्हणतात; एकेका बाजूला दोन.

उंची बघू. दांड्यापासून जमिनीपर्यंत समजा २४० भरलं. खाली १० सेंटिमीटरची दुहेरी दुमड, तिचे २०. वर चुण्यांच्या पट्टीसाठी १०. एक पन्हा २७० सेंटिमीटर लांब कापायचा, चारांचे झाले १० मीटर ८०. म्हणजे कापड बिननक्षीचं असतं तरी आठ मीटर पुरलं नसतं.

तुमचं तर फुलांचं आहे. किनारीवरचं एक फूल धरा आणि तेच फूल पुन्हा किती अंतरावर येतं ते मोजा. मोठ्या नक्षीत ६४ सेंटिमीटर हे नेहमीचं अंतर. प्रत्येक पन्हा नक्षीच्या त्याच जागेपासून कापला, तरच शिवणीवर फुलाची एक बाजू दुसरीला नीट भेटते. २७० मध्ये ६४ चे चार फेर पुरत नाहीत, पाच घ्यावे लागतात. पन्हा गेला ३२० वर, एकूण कापड १२ मीटर ८०. दोन मीटर निव्वळ नक्षी जुळवण्यात गेले. ते तुकडे फेकायचे नसतात, त्यातून अभ्रे आणि पडदे बांधायचे पट्टे निघतात; पण हिशेब करताना ते धरलेले हवेत. दुकानदार 'पुरवून घेऊ हो' म्हणाला की समजायचं, घेर कापला जाणार किंवा खालची दुमड.

मग वाचवायचं कुठे? घेरात नाही, अस्तरातही नाही. कापडात वाचवा. साधं सुती कापड, सव्वादोन पट घेर आणि बरं अस्तर असलं की पडदा भारदस्त दिसतो. उंची कापडाचा तुटपुंजा पडदा पाहिला की मला त्या कापडाची कीव येते. फुलं हवीच असतील तर बारीक नक्षी बघा. फेर कमी अंतराचा, म्हणून नासाडीही कमी.

माप स्टीलच्या टेपने घ्या. शिवणकामाची टेप वापरून वापरून ताणलेली असते. उंची डावीकडे, मधे आणि उजवीकडे अशी तीनदा मोजा. जमीन सपाट दिसते, असते असं नाही. सगळ्यात कमी भरेल ते माप धरायचं.

शिवायला देण्याआधी दोन गोष्टी विचारा. दीड-दीड पन्ह्याचा पडदा असला तर अर्धा पन्हा कुठे जोडणार? भिंतीकडे, हे बरोबर उत्तर. पूर्ण पन्हा मध्याकडे राहतो आणि जोड बाजूच्या चुण्यांत दडतो. दुसरं, जोडण्यापूर्वी किनार कापणार का? किनारीची वीण घट्ट असते. ती तशीच शिवणीत घेतली तर धुतल्यावर आखडते आणि जोडालगतचं कापड गोळा होतं. मग कितीही इस्त्री करा, ते काही सरळ होत नाही.

प्रश्न : आयलेटचे, म्हणजे वर कड्या बसवलेले पडदे शिवून आणले. प्रत्येक पडद्याचं एक टोक भिंतीकडे वळतं, दुसरं मात्र उलटं, खोलीकडे तोंड करून उभं राहतं. रॉड तिरका बसलाय का?
— सरळ रेषेचा भोक्ता

उत्तर : रॉड ठीक आहे. कड्या मोजा, विषम निघतील. रॉड एका कडीतून आत जातो, पुढच्या कडीतून बाहेर येतो. दोन्ही टोकं भिंतीकडे वळायची तर कड्या सम संख्येतच हव्यात.

भोकं पडून गेल्यावर अंतर बदलता येत नाही. त्यामुळे भिंतीकडची शेवटची कडी काढून टाका, तिच्या भोकासकट पट्टी कापा आणि काठ नव्याने दुमडून घ्या. एका पडद्यामागे १५ सेंटिमीटरच्या आसपास घेर जाईल. तेवढं सोसा.

प्रश्न : आमच्या खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीच्या गॅलऱ्या आहेत. पांढरे पातळ पडदे लावले, दिवसा छान वाटतात. पण रात्री बाहेरून सगळं दिसतं असं मैत्रिणीने सांगितलं आणि माझी झोपच उडाली. पातळ असून रात्रीही चालेल असं कापड कोणतं?
— समोरासमोर

उत्तर : असं कापड नाही. आहे म्हणून कुणी दाखवलंच, तर अंधार पडल्यावर त्याच्याच दुकानात दिवे लावून ते बाहेरून बघा.

पातळ पडद्यावर ज्या बाजूने उजेड जास्त पडतो, त्या बाजूच्या माणसाला पडदाच दिसतो, पलीकडचं दिसत नाही. दिवसा उजेड बाहेर, म्हणून तुम्ही सुरक्षित. रात्री दिवे तुमच्याकडे, बाहेर अंधार, बाजू उलटली. रंगाचाही यात वाटा आहे. पांढरं कापड उजेड परत फेकतं, म्हणून दिवसा ते चांगलं लपवतं. गडद रंगाच्या पातळ पडद्यातून आतल्याला बाहेरचं जास्त स्पष्ट दिसतं. तुमचा पांढरा योग्यच आहे, त्याला जोडीदार तेवढा हवा.

दुहेरी ब्रॅकेट लावा. काचेकडे पातळ पडदा, खोलीकडे जाड. दोन दांड्यांमध्ये ८ ते १० सेंटिमीटर अंतर ठेवा, नाहीतर चुण्या एकमेकींना घासतात आणि पातळ पडदा दर वेळी जाड पडद्यासोबत ओढला जातो.

पातळ पडदे पुन्हा शिवलेच तर घेर अडीच ते तीन पट ठेवा. कापड हलकं असतं, कमी घेरात ते नुसतं लोंबतं. आणि २८० किंवा ३०० सेंटिमीटर पन्ह्याचं कापड मागा. ते आडवं वापरतात, म्हणजे पन्हा होतो उंची आणि रुंदीला लागेल तेवढं कापड सलग मिळतं. मधे एकही जोड नाही. पातळ कापडात उजेडासमोर जोड काळ्या रेघेसारखा उठून दिसतो, म्हणून हा खटाटोप.

प्रश्न : मी रात्रपाळी करतो, दिवसा झोपतो. पूर्ण अंधार होईल असं सांगून ब्लॅकआउट अस्तराचे पडदे शिवून दिले. तरी खोलीत उजेड आहेच. अस्तर खोटं निघालं का?
— दिवसाढवळ्या झोपणारा

उत्तर : मोबाइलचा टॉर्च अस्तराच्या मागे धरा. पुढे काही दिसलं नाही तर अस्तर खरं आहे. चांगल्या ब्लॅकआउट अस्तरात दोन पांढऱ्या थरांमध्ये एक काळा थर असतो, तोच उजेड अडवतो. तुमचा उजेड कापडातून येत नसावा. तो पडद्याला वळसा घालून येतोय.

भर दुपारी पलंगावर पडून बघा. वरच्या फटीतून छतावर उजेडाचा पट्टा पडला असेल तर पेल्मेट, म्हणजे दांडा झाकणारी पेटी, लागेल, आणि त्याचा माथा बंद हवा. नुसती पुढची फळी शोभेची. बाजूने येत असेल तर पडद्याचा भिंतीकडचा काठ वळवून शेवटचा हूक थेट भिंतीतल्या आकड्यात अडकवा. मधून येत असेल तर दोन पडदे एकमेकांवर ८-१० सेंटिमीटर चढायला हवेत. साध्या रॉडवर हे होत नाही, त्यासाठी एकावर एक चढणारा ट्रॅक मिळतो. आयलेटचे पडदे असतील तर वरचा उजेड विसरा, ते त्यासाठी नाहीतच.

आता पडद्यावरच चांदण्यांसारखे ठिपके दिसत असतील तर ती सुईची भोकं. थर दिलेल्या अस्तराला एकदा पडलेलं भोक बुजत नाही. म्हणून अस्तरावर उभ्या शिवणी घालू नयेत, टाचण्याही लावू नयेत. धरायला चिमटे वापरायचे. सगळ्यात बरं म्हणजे अस्तर वेगळं शिवून त्याच हुकांवर मागून टांगणं. धुतानाही सुटं करता येतं. थराच्या बाजूने गरम इस्त्री मात्र फिरवू नका, थर चिकटतो.

या पडद्याचा आणखी एक फायदा तुम्हाला दुपारी कळेल. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या माहितीनुसार मध्यम रंगाचे, मागे पांढऱ्या प्लास्टिकचा थर असलेले पडदे खिडकीतून आत येणारी उष्णता ३३ टक्क्यांनी कमी करू शकतात. मात्र पांढरी बाजू काचेकडे हवी. शोभेसाठी उलटं लावलेलं मी पाहिलंय.

प्रश्न : लिननचे पडदे जमिनीला नेमके टेकतील असे हौसेने शिवून घेतले. हवा दमट झाली की ते लोळतात, कोरडी झाली की वर उचलले जातात. शिवणारीने माप चुकवलं का?
— वर-खाली

उत्तर : तिला बोल लावू नका. लिनन हवेतला ओलावा धरतं आणि सोडतं, त्याबरोबर त्याची लांबीही हलते. सुताचंही तसंच, पण कमी. पॉलिस्टर जवळजवळ हलत नाही. लिननमध्ये थोडं पॉलिस्टर मिसळलेलं कापड मिळतं, शुद्धतेचा हट्ट नसेल तर ते बरं.

'नेमके टेकतील' हे लिननकडून मागूच नये. एक तर जमिनीपासून १ ते १.५ सेंटिमीटर वर ठेवा, किंवा ५ सेंटिमीटर जास्तच ठेवा म्हणजे तळाशी कापड किंचित मोडून बसेल आणि थोडं कमीजास्त झालं तरी कळणार नाही. केर काढताना ते उचलावं लागेल, हे आधीच सांगून ठेवते.

पुढच्या वेळी शिवताना क्रम बदला. कापड कापण्याआधी धुवायचं. सुती आणि लिनन कापड पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के आटू शकतं. २७० सेंटिमीटरच्या पन्ह्यात ५ टक्के म्हणजे साडेतेरा सेंटिमीटर, पडदा कट्ट्याकडे निघालाच म्हणून समजा. मग वरचं काम पूर्ण करायचं, खालची दुमड नुसत्या लांब टाक्यांच्या धावदोऱ्याने घालायची आणि पडदा त्याच्या दांड्यावर टांगून काही दिवस तसाच सोडायचा. कापड स्वतःच्या वजनाने उतरतं आणि सगळीकडे सारखं उतरत नाही. मग पडदा टांगलेला असतानाच जमिनीपासून खडूने खुणा करायच्या, दोरा ओढून काढायचा आणि त्या खुणांवर पक्की दुमड घालायची. घाईचं गिऱ्हाईक या दिवसांवर कुरकुरतं. मी ऐकून घेते आणि माझंच करते.

अस्तर पडद्यापेक्षा २-३ सेंटिमीटर आखूड ठेवायचं आणि तळाशी पडद्याला शिवायचं नाही. दोन्ही कापडं आपापल्या गतीने आटतात. तळाला बांधली तर एक दुसऱ्याला ओढतं आणि पडदा पोटात फुगतो. कोपऱ्यांत आणि प्रत्येक जोडाच्या तळाशी दुमडीत छोटी वजनं घालून घ्या.

टांगल्यावर पडदा उघडून बाजूला घ्या. वरची चुणी बोटांत धरून तीच घडी तळापर्यंत हाताने उतरवत न्या. एकेक करून सगळ्या चुण्या. मग वर, मधे आणि खाली कापडाच्या पट्टीने सैल बांधा, वळ उठेल इतकं घट्ट नाही, आणि दोन-तीन दिवस तसंच राहू द्या. पट्ट्या सोडल्यावर लिननसुद्धा शिस्तीत पडतं. ही पायरी बहुतेक घरांत गाळली जाते, आणि मग 'फोटोत कसे छान दिसत होते' असं पत्र मला येतं.

प्रश्न : घरात रांगणारं बाळ आहे. रोमन ब्लाइंडच्या (दोरी ओढली की घड्या होत वर जाणाऱ्या पडद्याच्या) दोरीचा फास वर गुंडाळून ठेवला तर चालेल ना?
— नवी आई

उत्तर : नाही चालणार. गुंडाळलेली दोरी कधी ना कधी कुणीतरी सोडतं. पडद्यांच्या दोऱ्यांत मान अडकून लहान मुलांचे जीव गेले आहेत, आणि ते अगदी थोड्या वेळात, आवाज न होता घडतं. बिनदोरीचं ब्लाइंड घ्या. ते होईपर्यंत हे काढून ठेवा, खिडकी उघडी राहिली तरी हरकत नाही. साखळीवर चालणारा पडदा असेल तर साखळी भिंतीला स्क्रूने पक्क्या केलेल्या पकडीत ताणून बसवलेली हवी. पाळणा, पलंग, खुर्ची, मूल चढू शकेल असं काहीही खिडकीखाली नको. पडदे बांधायचे लांब गोंडेही तूर्त कपाटात.

प्रश्न : सासूबाईंनी त्यांचे रेशमी पडदे मला दिलेत. रंग अजून सुंदर आहे. आमच्या खिडक्या जास्त उंच, म्हणून खाली नवं कापड जोडून लावायचा विचार आहे. सासूबाईंना ते खिडकीवरच बघायचे आहेत. कसं करू?
— सुनेची परीक्षा

उत्तर : रंगावर जाऊ नका, आधी ताकद बघा. उन्हाने रेशमाचा धागा आतून कुजतो, वरून ते चमकतच राहतं. पडद्याचा मध्याकडचा उभा काठ सगळ्यात जास्त ऊन खातो. तिथे दोन्ही अंगठे शेजारी शेजारी ठेवून कापड हलकेच दोन बाजूंना ताणा. कुरकुर आवाज आला किंवा बारीक चीर गेली, तर तो भाग संपला. मग तीच परीक्षा चुण्यांच्या आत घ्या आणि खालच्या दुमडीत. दुमडीतलं कापड उन्हापासून वाचलेलं असतं, मूळ रंग काय होता तेही तिथेच कळेल. तो पाहून बाहेरचा रंग किती उतरलाय याचा धक्का बसायची तयारी ठेवा.

काठ गेले पण मधलं कापड धडधाकट असेल, असंच बहुधा निघतं. खराब उभे काठ कापून टाका. घेर कमी होईल, म्हणून त्या कापडाचे पूर्ण पडदे करायच्या भरीस पडू नका. नवे पडदे साध्या सुती कापडाचे, पूर्ण घेराचे शिवा आणि रेशमाचा पट्टा त्यांच्यावर लावा. मध्याकडच्या काठाला उभी रेशमी पट्टी लावायचा मोह होईल, कारण ती दिसते फार सुरेख. पण ऊन नेमकं तिथेच येतं आणि पुन्हा तेच होईल. पट्टा आडवा घ्या, तळाशी, ३० ते ४० सेंटिमीटर उंचीचा. मागे सुती अस्तर हवंच, आणि जमलं तर रेशीम आणि अस्तर यांच्यामध्ये फ्लॅनेलचा एक थर. त्याने रेशमाला अंग येतं आणि ऊनही आणखी अडतं.

जुनं रेशीम घरी धुवू नका, पाण्याचे डाग जात नाहीत. शिवणी उसवताना दोरा ओढू नका, प्रत्येक टाका कापून काढा. आणि हे पडदे थेट ऊन येत नाही अशाच खिडकीला लावा, सासूबाई बैठकीच्या खोलीचा आग्रह धरतील तरीही. त्यांना काठाची ती चीर दाखवा, पटेल.